चिमूटभर सोडताना

श्रावण लागला की मटण बंद, दारू बंद. काही घरांत कांदा-लसूणही बंद. एकादशीला साबुदाणा, वरी, शेंगदाणे, रताळं. आणि तंबाखू. उपासाला तंबाखू चालते, यावर देशावर, कोकणात, मराठवाड्यात कुठेच दुमत नाही. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का आणि कमरेच्या चंचीत पुडी-चुना असे माळकरी कुठल्याही दिंडीत दिसतात. आळंदी ते पंढरपूर अठरा-वीस दिवस पायी चालणारा, माळ घातल्या दिवसापासून मटणाच्या वासालाही न फिरकलेला हा माणूस. त्याच्या निश्चयाबद्दल शंका घ्यायची कुणाची छाती आहे? पण चिमूटभर वाळक्या पानापुढे तो हरतो, आणि हरल्यावर 'आपल्याच्यानं होत नाही बुवा' म्हणून पुन्हा तळहातावर चुना घेतो.

मला हा माणूस नेहमी कोड्यात टाकतो. तंबाखू न सुटण्याचं खापर आपण सर्रास मनाच्या दुबळेपणावर फोडतो. याच्या बाबतीत ते फोडता येत नाही. निर्जळी करू शकणाऱ्याला निश्चय कमी पडला असं म्हणणं हास्यास्पद आहे. कमी पडते ती माहिती. सोडल्यानंतर अंगात काय होतं, कुठल्या दिवशी होतं, किती वेळ टिकतं आणि त्या वेळात नेमकं काय करायचं, हे त्याला कुणी कधी बसून सांगितलेलं नसतं.

आपल्याकडे व्यसनमुक्तीचं बहुतेक बोलणं सिगारेटभोवती फिरतं. चित्रपटातल्या पाट्या धूम्रपानाच्या, भाषणं धूम्रपानाची. महाराष्ट्राचं चित्र मात्र वेगळं आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेणारे निघाले. त्यात विडी-सिगारेट ओढणारे फक्त ३.८ टक्के, खाणारे, चोळणारे, गालात धरणारे २४.४ टक्के. म्हणजे आपला प्रश्न धुराचा कमी आणि थुंकीचा जास्त. पश्चिम महाराष्ट्रात मळलेली तंबाखू आणि मावा, विदर्भात पन्नीवर घोटलेला खर्रा, बायकांच्या हाती मिश्री. आधीच्या, २००९-१० च्या सर्वेक्षणात एकूण आकडा ३१.४ टक्के होता. घट झाली आहे, ती नाकारायचं कारण नाही.

भीती घालण्याचं काम मात्र चोख झालं आहे. २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग सडलेल्या जबड्यांच्या चित्रांनी व्यापला. शरद पवारांची तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया २००४ साली झाली आणि त्याबद्दल ते जाहीर सभांतून मोकळेपणी बोलत आले. अख्ख्या राज्याला ग्रामस्वच्छतेच्या कामाला लावणारे आर. आर. आबा २०१५ च्या फेब्रुवारीत तोंडाच्या कर्करोगानं गेले, तेव्हा ते अवघे ५७ वर्षांचे होते. तासगावपासून गडचिरोलीपर्यंत हे ठाऊक नसलेला माणूस विरळा. तंबाखूनं कर्करोग होतो हे टपरीवर पुडी घेणारा जाणतो, देणारा तर त्याहून जाणतो. त्याच पाकिटावर २०१८ पासून व्यसन सोडायला मदत करणारा फोन नंबरही छापलेला आहे, पण चित्रातल्या जबड्यावरून नजर फिरवणारा माणूस तिथवर पोहोचतच नाही.

तर आधी चुन्याबद्दल.

निकोटिनचा एक गुण असा, की आम्ल लाळेत ते गालाच्या आतल्या नाजूक आवरणातून फारसं आत शिरत नाही. लाळ अल्कधर्मी झाली की ते मोकळं होतं आणि सरळ रक्तात उतरतं. चुना हेच करतो. तळहातावर अंगठ्यानं मळताना आपला पणजोबा रसायनशास्त्रच करत होता. मळण जमली नाही की 'लागत नाही' म्हणायचा, ते अक्षरशः खरं होतं. झुरक्यातलं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोहोचतं आणि तितक्याच लवकर ओसरू लागतं. ओठात धरलेला बार सावकाश चढतो, अर्ध्या तासाच्या आसपास कळस गाठतो आणि नंतरही बराच वेळ अंमल ठेवतो. म्हणून दिवसभर बार भरणाऱ्याच्या रक्तात निकोटिनची पातळी जवळपास अखंड राहते. सिगारेटवाल्याला मधूनमधून हुक्की येते. याला ती यायला उसंतच मिळत नाही, आणि म्हणून 'मला काही तलफ-बिलफ येत नाही, नुसती सवय आहे' असं तो प्रामाणिकपणे सांगतो. एक दिवस थांबून पाहिलं की कळतं.

या चुन्याची गाठ पुढे थेट स्वीडनशी पडते. १९६७ साली लुंड विद्यापीठातले संशोधक क्लेस लुंडग्रेन यांनी हेलसिंगबोर्गच्या एका औषध कंपनीत काम करणारे मित्र ओव्ह फर्नो यांना पत्र लिहिलं. पाणबुडीत सिगारेट पेटवता येत नाही तेव्हा खलाशी तोंडात धरायच्या तंबाखूवर येतात आणि त्यांचं भागतं, असं लुंडग्रेन यांच्या लक्षात आलं होतं. धूर न देता नुसतं निकोटिन दिलं तर सिगारेट सुटेल का? फर्नो स्वतः भरपूर ओढणारे. त्यातून निकोटिनचा च्युइंगगम जन्मला आणि १९७८ साली स्वित्झर्लंडमध्ये पहिल्यांदा बाजारात आला. त्या गमला गुण यावा म्हणून त्यात लाळ अल्कधर्मी करणारा क्षार घालावा लागला. म्हणजे चुन्याचंच काम, पांढऱ्या कोटात.

पाणबुडीची गोष्ट वाचताना मला चंद्रपूर-वणीकडच्या कोळसा खाणी आठवतात. भूमिगत खाणीत विडी-काडी न्यायला कायद्यानं सक्त मनाई. उतरण्याआधी झडती होते. तिथल्या माणसाच्या गालात खर्रा का, याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. स्वीडनमध्ये या निरीक्षणातून औषध निघालं. आपल्याकडे पन्नी निघाली.

तो गम आज आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळतो आणि बहुतेक जण तो चुकीचा खातात. साध्या च्युइंगगमसारखा भराभरा चावला की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं. उचक्या लागतात, मळमळतं, आणि 'आपल्याला मानवत नाही' म्हणून पाकीट कपाटात जातं. खरी पद्धत अशी: हळूहळू चावायचा, जिभेला मिरमिरल्यासारखं झालं की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, मिरमिर गेली की पुन्हा चार वेळा चावायचा. अर्धा तास. गालफडात बार धरण्यात आयुष्य गेलेल्याला हे शिकवावं लागू नये, पण कुणी सांगतच नाही. दुसरी चूक चहाची. चहा, कॉफी, सरबत तोंड आम्ल करतात, आणि मग गममधलं निकोटिन गालातून जात नाही. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना पाण्याशिवाय काही नको. किती ताकदीचा घ्यावा यासाठी डॉक्टर एकच साधा प्रश्न विचारतात: सकाळी उठल्यावर पहिली विडी किती वेळात? अर्ध्या तासाच्या आत असेल तर ओढ जबर. हा प्रश्नही स्वीडनच्याच कार्ल फागरस्ट्रॉम यांच्या प्रश्नावलीतला. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. गम आणि पट्ट्यांचा पुरावा ओढणाऱ्यांसाठी भक्कम आहे. खाणाऱ्यांसाठी तितका नाही. त्यांच्यासाठी समुपदेशन आणि व्हरेनिक्लिन नावाच्या गोळीचा पुरावा अधिक आहे, आणि ती गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यायची. गरोदर बाईनं किंवा हृदयविकार असलेल्यानं तर यातलं काहीच परस्पर घेऊ नये.

आता ते दिवस.

शेवटचा बार थुंकल्यावर काही तासांतच चुळबुळ सुरू होते. दुसरा आणि तिसरा दिवस सगळ्यांत वाईट. चिडचिड, लक्ष न लागणं, रात्री टक्क जाग, सारखी भूक. दुसऱ्या दिवशी घरच्यांशी भांडण न झालेला माणूस विरळा. काही घरांत तर बायकोच पुडी आणून देते, 'खा बाबा, पण शांत राहा.' तिसऱ्या दिवसानंतर उतार लागतो आणि दोन ते चार आठवड्यांत शरीराची कुरकुर बरीचशी शमते. हे वेळापत्रक आधी माहीत असणं याचाच आधार फार मोठा असतो. तिसऱ्या दिवशी ज्याला वाटतं की आता जन्मभर असंच राहणार, तो चौथ्या दिवशी टपरीवर जातो. चौथ्या दिवसापासून उतार आहे हे ठाऊक असलेला कदाचित जात नाही.

आणि प्रत्येक तलफेचंही आयुष्य असतं. ती चढते, कळसाला पोहोचते आणि काही मिनिटांत ओसरते, तुम्ही बार भरा की भरू नका. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी व्यसन सुटलेली माणसं पुन्हा त्यातच का जातात याचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांचा सल्ला असा, की तलफेशी झुंजू नका, तिला दाबू नका. नुसतं पाहत राहा, कुठे जाणवते, घशात की हातात, वाढतेय की उतरतेय. ऐकायला हे साधूबुवांचं वाटेल, पण तीन मिनिटं घड्याळाकडे बघत बसणाऱ्याला यातलं खरं कळतं. ज्यांना बसवत नाही त्यांनी उठावं. पाच-दहा मिनिटं झपझप चाललं की तलफ कमी होते, हे अनेक प्रयोगांत दिसलं आहे. घोट घोट पाणी, दीर्घ श्वास, हाताला काही काम. मळण्यात गुंतलेल्या हाताला रिकामपण सोसत नाही, ही तक्रार खाणाऱ्यांकडून हमखास येते. शेंगा सोलणं, चावीचा जुडगा, जपमाळ, काहीही चालतं.

पण तलफ येते कधी? वाटेल तेव्हा नाही. तिचे ठरलेले अड्डे आहेत. पहिला अड्डा संडास. 'तंबाखूशिवाय पोट साफ होत नाही' हे वाक्य महाराष्ट्रात इतकं ऐकू येतं की डॉक्टर हसून सोडून देतात. हसू नये. निकोटिन आतड्यांना खरोखर चालना देतं, आणि धूम्रपान सोडणाऱ्यांतल्या साधारण सहापैकी एकाला बद्धकोष्ठ होतो. त्याला 'मनाचे खेळ आहेत' सांगितलं की तो चौथ्या दिवशी पुडी घेऊनच परसाकडे जातो. त्याऐवजी रात्री भिजवलेल्या मनुका, सकाळी कोमट पाणी, जेवणात भाजी-भाकरी वाढवणं, आणि काही आठवड्यांत हे सुरळीत होतं असा शब्द दिला तर तो तग धरतो.

दुसरा अड्डा चहा. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांसाठी यात एक छुपी भानगड आहे. तंबाखूच्या धुरामुळे यकृत कॅफीनचा निचरा वेगानं करत असतं. धूर थांबला की हा वेग मंदावतो आणि रोजच्याइतक्याच चहातून रक्तात जवळपास दुप्पट कॅफीन साठतं. हात थरथरतात, छाती धडधडते, झोप उडते. माणसाला वाटतं हे सिगारेट सोडल्यामुळे. अर्ध्या कपावर आलं की निम्मा त्रास कमी. ही करामत निकोटिनची नसून धुराची असल्यानं खाणाऱ्यांना हा हिशेब लागू नाही, त्यांनी चहाच्या वेळेची फक्त जागा बदलावी. टपरीसमोर उभं राहून प्यायचा तो घरी किंवा कचेरीत बसून प्यावा.

तिसरा अड्डा माणूस. अनोळखी माणसाकडे आपण पाणीसुद्धा संकोचानं मागतो, तंबाखू बिनधास्त मागतो. एसटीत शेजारी बसलेला, बांधावरचा गडी, साइटवरचा मुकादम, 'आहे का?' एवढ्या दोन शब्दांत ओळख होते. जातपात, हुद्दा, वय सगळं त्या तळहातावर क्षणभर विरघळतं. सोडणाऱ्याचं खरं नुकसान इथे होतं. निकोटिन गममधून भरून काढता येईल, ही सोबत कशातून भरून काढणार? सरकारी पत्रकांत याचा उल्लेखही नसतो, आणि माझ्या मते परत वळणाऱ्यांतले निम्मे तरी निकोटिनसाठी परततच नाहीत.

चौथा अड्डा टेन्शन. रात्रीच्या गाडीवरचा ड्रायव्हर, परीक्षेचा पोरगा, कर्जाचा हप्ता. 'डोकं शांत होतं' हा दावा पूर्ण खोटा नाही. उतरत्या निकोटिननं आलेली बेचैनी पुढच्या चिमटीनं जाते, आणि तीच शांतता म्हणून मोजली जाते. धूम्रपान सोडणाऱ्यांचा पाठपुरावा केलेल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. सोडल्यानंतर काही आठवड्यांनी चिंता, उदासी आणि ताण आधीपेक्षा कमी झालेले दिसले. वजन मात्र वाढतं, वर्षात सरासरी चार-पाच किलो. ते लपवण्यात अर्थ नाही.

एकदम सोडावं की कमी करत जावं? घरोघरी दोन्ही पंथ आहेत, आणि कमी करणाऱ्यांचा पंथ मोठा, कारण त्यात आज काही करावं लागत नाही. ब्रिटनमध्ये ६९७ धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला. चार आठवड्यांनंतर एकदम सोडणाऱ्यांतले ४९ टक्के टिकून होते, हळूहळू कमी करणाऱ्यांतले ३९ टक्के. दोन्ही गटांना समुपदेशन आणि औषध मिळालं होतं, हे विसरायचं नाही. कसलीही मदत न घेता सोडणाऱ्यांतले सहा महिने ते वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाचच असतात. तेव्हा 'मी एका झटक्यात सोडली' सांगणारे काका खरं बोलत असतात, फक्त उरलेले पंच्याण्णव लग्नात भाषण करत नाहीत.

आपल्या मातीतला एक सापळा वेगळा सांगायला हवा. तंबाखू सुटली म्हणून माणूस सुपारीवर येतो. 'साधी सुपारी आहे, त्यात कुठे तंबाखू?' सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ती पहिल्या गटात टाकली त्याला वीस वर्षं होऊन गेली. तोंड हळूहळू उघडेनासं होणं, तिखट न सोसणं हे तिचंच देणं. २०१२ च्या जुलैत महाराष्ट्रानं गुटख्यावर बंदी घातली, तेव्हा पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत अशी जोडगोळी टपऱ्यांवर आली. गिऱ्हाइकानं दोन्ही तोंडात एकत्र केल्या, झाला गुटखा. बडीशेप, लवंग, वेलदोडा, वाळवलेला आवळा, ओवा यांतलं काहीही धरावं, सुपारी नाही.

बायकांचं या सगळ्यात नावच येत नाही. मिश्री म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू. ती दातांना लावतात, म्हणून ती व्यसनात धरत नाहीत. साठच्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले फली मेहता आणि त्यांचे सहकारी महाराष्ट्रातल्या खेड्यांत तोंडं तपासत फिरले. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १,०१,७६१ गावकरी होते. तेव्हापासून मिश्री वैद्यकीय वाङ्मयात आहे, घरच्या बोलण्यात नाही. दात घासायला म्हणून सकाळी लावलेली मिश्री दुपारी भांडी झाल्यावर, संध्याकाळी चूल पेटवण्याआधी पुन्हा लागते. न लावल्यास डोकं ठणकतं. हे सोडण्याचं लक्षण म्हणून तिला कुणी सांगत नाही, दातदुखी किंवा पित्त म्हणून ती गिळून टाकते. तिच्यासाठी चौकातली टपरी नाही, सोबतीचा तळहात नाही. मोरीतल्या कोनाड्यातली डबी आहे. ती डबी हलवून तिथे मंजन ठेवणं हीच सुरुवात, आणि ती घरातल्या दुसऱ्या कुणी केली तर अधिक टिकते.

'आता साठी आली, आता सोडून काय?' असं म्हणणाऱ्यांसाठी एक जुना हिशेब आहे. ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल यांनी डॉक्टरांचाच पन्नास वर्षं पाठपुरावा केला. तिशीत धूम्रपान सोडलं तर आयुष्याची सुमारे दहा वर्षं वाचतात, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा आणि साठीत तीन. स्वतः डॉल सिगारेट ओढायचे. धूम्रपान आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचे पहिले आकडे हाती येऊ लागले तेव्हाच त्यांनी ती टाकली.

मदत कुठे? पाकिटावरचा तो नंबर १८००-११-२३५६. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेनं २०१६ साली ही सेवा सुरू केली. २०१८ पासून मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही तिचं केंद्र आहे. फोन फुकट आहे. समोरचा समुपदेशक सोडायची तारीख ठरवायला लावतो आणि नंतर स्वतःहून फोन करून विचारपूस करतो. या दुसऱ्या फोनाला मी फार मोल देतो, कारण तोपर्यंत बहुतेकांचा तिसरा दिवस येऊन गेलेला असतो. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च'नं २०१६ पासून चालवलेलं 'मुक्तिपथ' आणखी वेगळ्या वाटेनं गेलं. तिथे दारू आणि तंबाखू हा एकेकट्याचा दोष न मानता गावाचा प्रश्न मानला गेला. गावानंच विक्री बंद करायची, गावानंच पाळत ठेवायची. खर्रा जिथे पाहुण्याला चहाच्या आधी मिळतो, तिथे एकट्यादुकट्यानं सोडून भागत नाही, हे त्यांनी ओळखलं.

घसरणं होतंच. बहुधा लग्नात, दहाव्याच्या घाटावर, बदलीच्या गावी पहिल्या रात्री. मार्लट यांनी एक बारीक गोष्ट टिपली होती: एका चिमटीनं होणारं नुकसान थोडं असतं, 'मोडलं ते मोडलंच' या विचारानं होणारं फार मोठं. एकादशी मोडली म्हणून कुणी चातुर्मास सोडत नाही, पण तंबाखूच्या बाबतीत मात्र आपण एका बारानंतर अख्खी पुडी संपवतो आणि पुढची तारीख थेट गुढीपाडव्याची धरतो. त्याऐवजी त्या चिमटीची चौकशी करावी. किती वाजले होते, आधी काय खाल्लं-प्यायलं होतं, शेजारी कोण होतं, ती तळहातावर कुणी ठेवली. आणि ज्यानं ठेवली त्याला आपण सोडल्याचं माहीत होतं का? बहुतेक वेळा नसतं. फजिती नको म्हणून माणसं गुपचूप सोडतात. टपरीवाल्याला सांगत नाहीत, एसटीतल्या रोजच्या सोबत्याला सांगत नाहीत, मुकादमाला तर नाहीच. त्यामुळे दुपारी जेवणाचे डबे धुऊन झाले की मुकादम नेहमीसारखा चुना लावतो, मळतो, दोन टाळ्या मारतो आणि हात पुढे करतो.